नापीक, कोरडा खंड आणि हजाराहून अधिक सरीसृप

प्रश्न असा आला आहे: "ऑस्ट्रेलिया म्हटलं की जगातले सर्वांत विषारी साप एवढंच ऐकू येतं. तिथे एकूण किती प्रकारचे सरपटणारे प्राणी आहेत, आणि इतक्या कोरड्या खंडात ते एवढे झाले कसे?" सरीसृपांच्या अभ्यासात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि या खंडातल्या सरड्यांवर माझा विशेष जीव आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी आकडा. जगात सरीसृपांच्या सुमारे १२,००० जाती ठाऊक आहेत. त्यांपैकी हजाराहून अधिक ऑस्ट्रेलियात आहेत आणि त्यातल्या दहापैकी नऊंहून अधिक जाती इतरत्र कुठेही सापडत नाहीत. आता या हजारात साप किती? जमिनीवरचे आणि समुद्रातले मिळून जेमतेम दोनशेच्या आसपास. एकट्या सापसुरळ्या मात्र साडेचारशेहून अधिक! म्हणून "ऑस्ट्रेलिया म्हणजे साप" ही ओळख मला खटकते. तो खरं तर सरड्यांचा खंड आहे, आणि त्यातही सापसुरळ्यांचा.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागात एक गृहीतक दडलेलं आहे: जमीन कोरडी आणि नापीक असेल तर जीव कमी असणार. झाडं, पक्षी, सस्तन प्राणी यांच्या बाबतीत हे पुष्कळदा खरं असतं. सरड्यांच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाने ते उलटं करून दाखवलं. जमीन नापीक आहे, म्हणूनच सरडे एवढे आहेत.

ते कसं, ते सांगतो. ऑस्ट्रेलियाचा मधला आणि पश्चिमेचा भाग फार जुना आहे. तिथे कोट्यवधी वर्षांत नवे डोंगर उभे राहिले नाहीत, ज्वालामुखींनी ताजी राख पसरली नाही, हिमनद्यांनी खडक दळून नवी माती केली नाही. असलेली माती धुपत राहिली आणि तिच्यातलं फॉस्फरस, नायट्रोजन निघून गेलं. अशा जमिनीवर स्पिनिफेक्स नावाचं गवत वाढतं. गुडघ्याएवढे गोल घुमट, आणि त्यांत सुयांसारखी टोकदार, चिकट राळेची पाती. चरणाऱ्या जनावराला त्यात सत्त्व जवळजवळ नाहीच. पण वाळवीला ते चालतं. त्या गवतावर वाळवी अफाट पोसली जाते आणि वाळवीवर सरडे. म्हणजे दुसरीकडे जे अन्न हरणांच्या, गव्यांच्या कळपांतून वर चढतं, ते इथे वाळवीतून सरड्यांत जातं.

याला दुसरी बाजू शरीराची आहे. सस्तन प्राणी आपलं शरीर तापवण्यासाठी खाल्लेल्यातला मोठा वाटा जाळतो. सरडा ते काम उन्हाकडून करून घेतो, म्हणून तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या अन्नावर त्याचं भागतं. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पाऊस केव्हा येईल याचा नेम नसतो. दोन-तीन वर्षं कोरडी जातात आणि मग एकाच आठवड्यात सगळं भरून वाहतं. अशा ठिकाणी महिनोन् महिने बिळात स्वस्थ पडून राहू शकणारा प्राणीच टिकतो.

हे कोडं ज्याने मोजमाप करून जगासमोर मांडलं तो अमेरिकन शास्त्रज्ञ म्हणजे एरिक पियांका. १९६० च्या दशकात तो ग्रेट व्हिक्टोरिया वाळवंटात पोहोचला आणि पुढे अनेक दशकं तिथे परत परत येत राहिला. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटात एखाद्या जागी फार तर दहाएक जातींचे सरडे मिळतात. आफ्रिकेतल्या कालाहारीत त्याहून थोडे जास्त. ग्रेट व्हिक्टोरियात त्याला एकेका जागी चाळीसहून अधिक जाती मिळाल्या. जागा म्हणजे प्रदेश नव्हे, पायी फिरता येईल एवढा वाळूचा तुकडा!

चाळीस जाती एका तुकड्यात मावतात कशा? हे पुस्तकात वाचून पटत नाही, बादल्या पुराव्या लागतात. अशा अभ्यासात खोल बादल्या काठापर्यंत जमिनीत पुरतात आणि त्यांना जोडणारी वीतभर उंचीची आडोशाची भिंत घालतात. सरडा भिंतीला अडतो, कडेकडेने चालत जातो आणि बादलीत पडतो. सकाळी ऊन चढायच्या आत सगळ्या बादल्या पाहाव्या लागतात, नाहीतर आतले जीव होरपळून मरतात. यात हयगय करणाऱ्याने या कामाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पहाटेच्या फेरीत रात्रीचे हिशेब निघतात: पाली, वाळूखालून पोहल्यासारख्या सरकणाऱ्या बिनपायाच्या सापसुरळ्या, एखादा गांडुळासारखा वाळा साप. दुपारच्या फेरीत निघतात ते अगदी निराळे चेहरे. तोच तुकडा, पण दिवसाची आणि रात्रीची वस्ती वेगळी.

मग जागेची वाटणी. कुणी उघड्या वाळूवर शिकार करतो, कुणी स्पिनिफेक्सच्या कडेला, कुणी त्या घुमटाच्या आतून बाहेरच येत नाही, कुणी झाडावर, कुणी जमिनीखाली. आणि मग खाण्याची वाटणी. टेनोटस ही सापसुरळ्यांची एकच प्रजाती घ्या. तिच्यात शंभराच्या आसपास जाती आहेत, बहुतेकींच्या अंगावर उभे पट्टे, नवख्याला सगळ्या सारख्याच दिसाव्यात अशा. एकाच ठिकाणी सात-आठ जाती सुखाने नांदतात. एक सकाळी लवकर निघते, दुसरीला तापलेली वाळू लागते, एक गवतापासून दूर धावते, एक वीतभरही हलत नाही.

आगीचाही यात हात आहे. स्पिनिफेक्समधली राळ भडकन पेटते. जळालेली जागा, कोवळं गवत आलेली जागा आणि वीस वर्षांत न जळालेली जागा यांत सरडे वेगवेगळे असतात. पश्चिम वाळवंटातले मार्टू आदिवासी वाळूतल्या घोरपडी शोधायला गवताचे छोटे छोटे पट्टे पेटवतात. संशोधकांनी तिथे मोजणी केली तेव्हा दिसलं, की मार्टू जिथे जास्त शिकार करतात तिथेच या घोरपडी जास्त आहेत, कारण त्यांच्या छोट्या आगींनी जुन्या-नव्या गवताची गोधडी तयार होते. आदिवासींना हटवल्यावर जी प्रचंड वणव्यांची पद्धत आली, तिने हजारो चौरस किलोमीटर एकाच वयाचं करून टाकलं. ही गोष्ट मला कायम अस्वस्थ करते.

आता कोण कुठून आलं ते थोडक्यात. काही मंडळी गोंडवनाच्या, म्हणजे दक्षिणेकडचे खंड एकमेकांना जोडलेले होते त्या काळापासूनची. गोड्या पाण्यातली जवळजवळ सगळी कासवं मान आत ओढून घेत नाहीत, बाजूला दुमडतात, आणि त्यांचे जवळचे नातेवाईक दक्षिण अमेरिकेत आहेत. पालींचाही एक मोठा गट असाच जुना, ज्याची भावंडं न्यूझीलंड आणि न्यू कॅलिडोनियात आहेत. घोरपडी, सरडे, सापसुरळ्या, नागाच्या कुळातले साप हे मात्र आशियाच्या बाजूने नंतर आलेले. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी खंड वाळू लागला, जंगलं मागे हटली, आणि उघड्या पडलेल्या कोरड्या जमिनीवर या सगळ्यांच्या फांद्यांना फांद्या फुटल्या.

घोरपडी पाहा. जगातल्या ऐंशीएक जातींपैकी तीसएक इथल्या. सर्वांत छोटी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत वीतभर, वाळूत बीळ करून राहणारी. सर्वांत मोठी पेरेंटी, दोन मीटरांहून लांब. दोघी एकाच प्रजातीतल्या! मांजर, मुंगूस, कोल्हा या कुळांतलं कुणी माणसाने आणेपर्यंत या खंडावर नव्हतं. त्या रिकाम्या जागांपैकी बऱ्याच घोरपडींनी व्यापल्या, असं मला वाटतं.

बिनपायाच्या सरड्यांवर थोडा थांबतो, कारण यांच्याइतकी फसवणूक कुणाची होत नाही. पायगोपॉड नावाचं हे कूळ फक्त ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत आहे. पुढचे पाय पार गेलेले, मागच्यांच्या जागी खवल्यांची एक झडप. बघणारा साप समजून काठी उचलतो, आणि हे आहेत पालींचे सख्खे नातेवाईक. पालीसारखेच जीभ फिरवून डोळे पुसतात, चिवचिवतात आणि पकडले तर शेपूट तोडून देतात. ओळखायचं असेल तर तीन गोष्टी पाहायच्या: बहुतेकांना कानाचं भोक असतं, जीभ जाड आणि न फाटलेली असते, आणि शेपूट धडापेक्षा पुष्कळ लांब असते. सापाची शेपूट आखूड असते. यांतला एक, बर्टनचा सरडा, सापसुरळ्या पकडून अख्ख्या गिळतो. त्याच्या कवटीत चक्क बिजागरीसारखा सांधा आहे.

पाय गमावण्याची हीच वाट सापसुरळ्यांच्या लेरिस्टा प्रजातीने स्वतंत्रपणे धरली. तिच्या नव्वदहून अधिक जातींत पाच बोटांचे चार पाय ते एकही पाय नाही इथपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या आजही जिवंत आहेत. मराठीतल्या 'सापसुरळी' या शब्दाला इतकं चपखल बसणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

पिल्लं होण्याच्या तऱ्हाही अशाच. तीन बोटांची सायफॉस नावाची सापसुरळी सिडनीच्या सखल भागात अंडी घालते आणि उत्तरेकडच्या थंड डोंगराळ भागात थेट पिल्लं देते. २०१९ मध्ये एका मादीने एकाच वेतात आधी अंडी घातली आणि नंतर जिवंत पिल्लू दिल्याची नोंद झाली. दाढीवाल्या सरड्यात, ज्याला जगभर लोक पाळतात, घरट्याचं तापमान ३२ अंशांच्या बरंच वर गेलं की गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लं मादी होतात आणि पुढे अंडीही घालतात. हे निसर्गातही घडतं, हे २०१५ मध्ये सिद्ध झालं. बायनोच्या पालीच्या काही वस्त्यांत नरच नाहीत, माद्या एकट्याच पिढ्या चालवतात.

मोलॉक हा काटेरी सरडा सगळ्यांना माहीत असतो, पण त्याचं खरं नवल काट्यांत नाही, खवल्यांमधल्या बारीक नाल्यांत आहे. ओल्या वाळूत पाय रोवून तो उभा राहिला की पाणी त्या नाल्यांतून आपोआप वर चढतं आणि तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचतं. खातो फक्त मुंग्या, एकेक करून.

आता साप. इथे मराठी वाचकाला एक गोष्ट चटकन समजेल. आपण विषारी साप म्हणून नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावं घेतो. यांतले पहिले दोन एका कुळातले, दुसरे दोन दुसऱ्या. ऑस्ट्रेलियात दुसरं कूळ पोहोचलंच नाही. घोणस, फुरसे यांसारखा एकही साप तिथे नाही. जे आहेत ते नाग-मण्यारीच्या कुळाचे, जमिनीवरच्या शंभराच्या आसपास जाती. आणि धामण, दिवड, रुखई, मांजऱ्या ही जी मंडळी बाकी जगात सापांत बहुसंख्य असतात, ती इथे उशिरा, न्यू गिनीमार्गे आली. त्यांच्या बोटांवर मोजण्याइतक्या जाती उत्तर-पूर्व किनाऱ्याच्या बाजूला आहेत, त्यांत रुखईचे आणि मांजऱ्याचे सख्खे भाऊबंदही आहेत. म्हणून विषारी सापांची संख्या बिनविषारी सापांपेक्षा जास्त, अशी स्थिती या एकाच खंडात झाली. विषाचं काही खास बीज या भूमीत नाही, कोण आधी आलं एवढाच प्रश्न आहे.

एकाच कुळाने सगळी कामं वाटून घेतली. डेथ ॲडर जाड, बुटका, तिकोनी डोक्याचा, पाचोळ्यात दबा धरून शेपटीचं टोक अळीसारखं हलवणारा. पाहणारा छातीठोकपणे घोणसच्या कुळातला म्हणेल, पण तो नागाच्या घरचा आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बँडी-बँडी जवळजवळ फक्त वाळे खातो आणि माणसाला त्याच्यापासून भय नाही. आणि समुद्रात राहून तिथेच पिल्लं देणारे सागरी साप याच ऑस्ट्रेलियन शाखेतून निघाले.

सर्वांत जहाल विषाचा मान इनलँड तायपानचा. १८७९ मध्ये शास्त्राला त्याची ओळख झाली, मग तो जवळजवळ विसरला गेला आणि १९७२ मध्ये पुन्हा सापडला. तो राहतो क्वीन्सलँडच्या नैर्ऋत्येकडच्या काळ्या, भेगाळ मातीत आणि त्या भेगांमध्ये लांब केसांचे उंदीर धरतो. अरुंद भेगेत उंदराशी झटापट करायला जागा नसते, तो तत्काळ मरणं गरजेचं असतं. विष इतकं तीव्र का, याचं मला पटणारं कारण हेच. माणसाशी त्याची गाठ क्वचित पडते. सर्पदंशाने जे मृत्यू होतात, वर्षाला सरासरी दोन-तीन, त्यांतले बहुतेक ब्राउन स्नेकमुळे होतात, कारण तो शेतांच्या, वस्त्यांच्या कडेने राहतो.

मृत्यू एवढे कमी राहण्यामागे माणसांची मोठी किंमत आहे. १९५० मध्ये केविन बडन हा वीस वर्षांचा तरुण केर्न्सजवळ किनारपट्टीच्या तायपानला धरत असताना त्याला दंश झाला. साप मारू नका, संशोधनासाठी पाठवा, असं तो सांगत राहिला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तो साप मेलबर्नला पोहोचला, त्याचं विष काढलं गेलं आणि १९५५ मध्ये तायपानवरचं प्रतिविष तयार झालं. मी त्याचं नाव घेतल्याशिवाय तायपानबद्दल बोलत नाही.

मगरी दोन: खाऱ्या पाण्यातली आणि गोड्या पाण्यातली, दुसरी फक्त इथलीच. खाऱ्या पाण्यातल्या मगरीची कातड्यासाठी इतकी शिकार झाली की नॉर्दर्न टेरिटरीत १९७१ मध्ये बंदी आली तेव्हा सुमारे ३,००० उरल्या होत्या. आज तिथे लाखाच्या घरात आहेत. समुद्री कासवांच्या सातपैकी सहा जाती इथल्या पाण्यात आहेत आणि चपट्या पाठीचं कासव अंडी घालायला ऑस्ट्रेलिया सोडून कुठेही जात नाही. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांची गोष्ट मात्र काळजीची आहे. वाळू तापत चालल्याने तिथल्या वाढत्या वयाच्या कासवांत ९९ टक्के माद्या आढळल्या, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

विविधता सगळीकडे सारखी नाही, हेही लक्षात ठेवा. दक्षिणेला टास्मानियात गेलात तर साप फक्त तीन जातींचे, तिन्ही विषारी आणि तिन्ही पिल्लं देणारे. थंडीत अंडी उबत नाहीत, पोटात वागवून ऊन खात बसणं परवडतं. तिथल्या बर्फाळ डोंगरांवरच्या सापसुरळ्यांनीही हाच मार्ग धरलाय.

धोक्यांत दोन माझ्या मते सर्वांत मोठे. पहिला मांजर. २०१८ मध्ये आलेल्या अंदाजानुसार ऑस्ट्रेलियातली मांजरं वर्षाला सुमारे ६५ कोटी सरीसृप मारतात, त्या मांजरांतली बहुतांश रानटी झालेली. दुसरा केन टोड, उसाचे भुंगे खाईल म्हणून १९३५ मध्ये क्वीन्सलँडात आणलेला विषारी बेडूक. भुंग्यांना त्याने धक्का लावला नाही, पण त्याला खायला गेलेल्या घोरपडी मेल्या. पिवळ्या ठिपक्यांची मोठी घोरपड काही ठिकाणी ९० टक्क्यांहून जास्त घटली. आता बेडूक पोहोचायच्या आधी त्याची छोटी, न मारणारी पिल्लं तिथे सोडतात. घोरपड एकदा खाते, ओकते, आणि मोठ्या बेडकाच्या वाटेला जात नाही. या उपायावर मला भरवसा वाटतो.

तिसरा धोका गवताळ रानं नांगरली जाण्याचा, आणि त्याची साक्ष एका छोट्या प्राण्यात आहे. पिग्मी ब्लूटंग ही निळ्या जिभेच्या सापसुरळ्यांतली सर्वांत लहान जात. १९५९ नंतर कुणाला दिसली नाही, ती संपली असंच सगळे धरून चालले होते. १९९२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या 'बरा' (Burra) नावाच्या गावाजवळ रस्त्यावर गाडीखाली मेलेला एक ब्राउन स्नेक कापून पाहिला, तर पोटात ही सापसुरळी! मग जवळच्या न नांगरलेल्या कुरणात शोध सुरू झाला. ती स्वतः बीळ खणत नाही, कोळ्यांनी खणून सोडलेल्या उभ्या बिळांत राहते, तोंडाशी डोकं काढून बसते आणि जवळून जाणारा टोळ झडप घालून आत ओढते. नांगर फिरला की कोळ्यांची बिळं जातात आणि तिचं घरही. मेंढ्या बेताने चरल्या तर मात्र दोघं टिकतात. अभ्यासकांनी तिथे आतून पोकळ केलेल्या लाकडी नळ्या जमिनीत ठोकून पाहिल्या, आणि सापसुरळ्या त्यांत राहायला आल्या.